बसलेला घसा, सुटलेलं गाणं

आमच्या भाच्याचा एक बँड आहे. म्हणजे बँडला नाव आहे, नावाचा लोगो आहे, लोगोचे काळे टी-शर्ट आहेत आणि टी-शर्टांचे पैसे कुणी अजून दिलेले नाहीत यावरून दोन सभासदांत अबोलाही आहे. एवढं सगळं झाल्यावर राहिलाय तो फक्त अल्बम. तो गेली तीन वर्षं ‘ऑलमोस्ट रेडी’ आहे. पूर्वी ब्लाउजच्या बाबतीत शिंपी असंच सांगायचा, “झालंच आहे ताई, नुसते हुक लावायचेत.” लग्नासाठी टाकलेला ब्लाउज बारशाला मिळायचा आणि तोवर तो अंगाला होत नसायचा.

परवा रविवारी भाचा जेवायला आला होता. मी सहज विचारलं, “काय रे, कुठवर आलाय अल्बम?”

“मामा, स्नेअरचा साउंड अजून ऑरगॅनिक वाटत नाहीये.”

ऑरगॅनिक म्हटलं की मला दुप्पट भावाचा गूळ आठवतो. स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला ताशासारखा कडकडणारा ड्रम, एवढं मला ठाऊक होतं. त्या एका ताशापायी चार धडधाकट मुलं आठ महिने लॅपटॉपसमोर बसून आहेत, हे मात्र नव्याने कळलं. मग मी ते वाक्य टाकलं, जे टाकता यावं म्हणूनच देवाने मामा नावाचा प्राणी घडवला असावा.

“बीटल्सनी आपला पहिला अख्खा अल्बम एका दिवसात केला होता.”

“चौदा गाणी? एका दिवसात?”

“दहा. चार आधीच झाली होती.”

“मग अख्खा कसा?”

ही पिढी हिशेबात फार पक्की. टी-शर्टांचे पैसे सोडून.

पण सुरुवात केली होती, आता माघार नव्हती. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती, बायको स्वयंपाकघरात झाकपाक करत होती. मी पानाला चुना लावला आणि थेट १ जानेवारी १९६२ पासून सुरुवात केली.

त्या दिवशी लंडनमध्ये डेक्का कंपनीने लिव्हरपूलच्या या पोरांची ऑडिशन घेतली. पोरं बर्फातून गाडी हाकत आली, पंधरा गाणी म्हणून दाखवली आणि परत गेली. डेक्काकडे त्याच दिवशी ब्रायन पूल अँड द ट्रेमेलोज नावाचा दुसराही बँड येऊन गेला. कंपनीला दोघांतला एकच घ्यायचा होता. ट्रेमेलोज लंडनच्या जवळचे, बोलावलं की येणारे. लिव्हरपूल पडलं लांब. डेक्काने जवळचं पाहिलं. “मुलगा चांगला आहे हो, पण फार लांबचं स्थळ,” या एका वाक्यावर आपल्याकडे किती संसार उभे राहायचे राहिले असतील! पण त्या नकाराइतकं महागात पडलेलं जवळचं स्थळ दुसरं नसेल.

मग त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन टेप काखोटीला मारून दारोदार फिरला आणि अखेर पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिनपाशी पोहोचला. पार्लोफोन हे ईएमआय कंपनीचं धाकटं भावंड. आपल्या जुन्या तबकड्यांवर भोंग्यापुढे बसलेला तो एचएमव्हीचा कुत्रा आठवतो ना? तो याच ईएमआयचा. पण घरात लाड कुत्र्याचे, पार्लोफोनच्या वाट्याला उरलंसुरलं. गंमत म्हणजे पार्लोफोनचं बोधचिन्ह अगदी पौंडाच्या खुणेसारखं दिसतं. मूळ मालक जर्मनीतली लिंडस्ट्रॉम कंपनी, तिच्या नावातलं ते आद्याक्षर. पौंड काय तो चिन्हातच होता. तिजोरीत त्याची वानवा होती.

या पार्लोफोनवर मार्टिनसाहेब काय काढायचे? विनोदी रेकॉर्डी! पीटर सेलर्स, स्पाइक मिलिगन वगैरे मंडळींच्या. बीबीसीवरच्या ‘गून शो’चे हे वेडे पीर, आणि जॉन लेनन त्यांचा जन्माचा भक्त. गून मंडळींच्या रेकॉर्डी काढणारा माणूस आपल्याला रेकॉर्ड करणार म्हटल्यावर पोरं निम्मी तिथेच खूश झाली.

“आणि तो स्पाइक मिलिगन,” मी आवाज मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवला, “१९१८ साली जन्मला अहमदनगरला. आत्ताच्या अहिल्यानगरला. बाप ब्रिटिश लष्करात होता.”

बायकोचं माहेर नगरचं आहे. ती ओल्या हातानेच बाहेर आली. “म्हणजे शेवटी आमच्या नगरचंच पाणी म्हणायचं!” असं म्हणून, बीटल्सच्या यशातला आपला वाटा उचलून ती आत गेली. त्यानंतरचा चहा न मागता मिळाला.

६ जून १९६२ ला पोरं पहिल्यांदा ईएमआयच्या स्टुडिओत उभी राहिली. मार्टिनने त्यांना वरच्या खोलीत बोलावलं, तुमच्या वाद्यांत काय खोट आहे, ॲम्प्लिफायरमध्ये काय खोट आहे, अशी लांबलचक यादी वाचली आणि शेवटी सभ्यपणे विचारलं की तुम्हालाही काही आवडलं नसेल तर सांगा. तेव्हा एकोणीस वर्षांचा जॉर्ज हॅरिसन म्हणाला, तुमचा टाय आवडला नाही. आपल्याकडे मुलाखतीत “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं म्हटल्यावर उमेदवार “पगार किती?” हेसुद्धा विचारत नाही. इथे हा पोरगा साहेबाच्या गळ्यालाच हात घालून मोकळा. साहेब हसला. विनोदी रेकॉर्डी काढणारा नसता तर आज ही गोष्ट सांगायला मी नसतो आणि ऐकायला तू नसतास. म्हणजे असतास, पण स्नेअर ऑरगॅनिक करत नसतास.

“आणि ड्रमर?” भाच्याने विचारलं. त्याच्या बँडमध्ये टी-शर्टांचे पैसे न देणारा तोच आहे.

ड्रमरची कथा कुठल्याही बँडमध्ये करुणच असते. मार्टिनला जुना ड्रमर पीट बेस्ट पसंत पडला नाही. ऑगस्टमध्ये पोरांनी त्याला काढलं आणि रिंगो स्टारला आणलं. सप्टेंबरमध्ये ‘लव्ह मी डू’ मुद्रित करायला रिंगो ऐटीत स्टुडिओत शिरतो तर तिथे अँडी व्हाइट नावाचा एक भाड्याचा ड्रमर आधीच बसलेला. रिंगोच्या हातात काय दिलं? टॅम्बुरिन. म्हणजे आपली खंजिरी! नव्या जावयाला पहिल्या दिवाळसणाला बोलवावं आणि पंगतीत पाणी वाढायला उभं करावं, त्यातली गत. आधीच्या आठवड्यात रिंगोने वाजवलेलं ‘लव्ह मी डू’ सिंगल म्हणून सुरुवातीला विकलंही गेलं, पण अल्बमवर गेलं ते खंजिरीवालंच. आयुष्यातला पहिला अल्बम आणि त्यातल्या या गाण्यात आपण ड्रमवर नाही. नातेवाइकांना काय सांगितलं असेल बिचाऱ्याने?

‘लव्ह मी डू’ बऱ्यापैकी चाललं. दुसरं सिंगल ‘प्लीज प्लीज मी’ ११ जानेवारी १९६३ ला आलं आणि भराभर वर चढलं. नंबर एक झालं का? तर दोन मोठ्या संगीत-साप्ताहिकांच्या यादीत झालं, तिसऱ्या यादीत दोनवर अडकलं. आपल्याकडे पंचांगापंचांगात एकादशी बदलते, तसंच हे. भाविकाने आपल्या सोयीचं पंचांग धरावं. मार्टिनने बरोब्बर सोयीचं धरलं आणि ठरवलं की लोखंड तापलंय तोवर अख्खी लाँग-प्ले तबकडी काढायची.

आधी त्याच्या मनात होतं की लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबातच जाऊन सगळा कार्यक्रम टिपावा. हा क्लब म्हणजे जमिनीखालचं जुनं फळांचं कोठार. गर्दीच्या श्वासाने भिंतींना पाझर फुटायचा आणि आवाज कोठारात घुमतो तसा घुमायचा. साहेब बघून आले आणि विचार सोडून दिला. मग ठरलं, पोरांनाच लंडनला बोलवायचं. पण पोरं होती दौऱ्यावर. हेलन शपिरो नावाची सोळा वर्षांची गायिका त्या दौऱ्याची मुख्य तारका आणि हे चौघं तिच्या आधी वाजवणारे. आपल्याकडे मुख्य गवई येईपर्यंत तबलजी हातोडी घेऊन ठाकठोक करतो, साधारण तो मान. त्या दौऱ्यात एक सोमवार मोकळा मिळाला. ११ फेब्रुवारी १९६३.

त्या वर्षीचा हिवाळा इंग्लंडला आजही आठवतो, अशी थंडी. त्यात खटाऱ्यातून गावोगाव फिरून लेननला सर्दी झालेली, घसा खवखवतोय. मंगळवारी शेफील्ड आणि ओल्डहॅम अशा दोन गावांत कार्यक्रम ठरलेले. रजा घ्यायची म्हटली तर कुणाकडे? “बरं वाटलं की करू” म्हणायची सोयच नव्हती.

सकाळी दहाला पोरं ईएमआयच्या ॲबी रोडवरच्या दोन नंबरच्या स्टुडिओत शिरली. आज आपण ॲबी रोड म्हटलं की झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढायला रांग लावतो. तेव्हा तिथला थाट सरकारी इस्पितळासारखा होता. तंत्रज्ञ पांढऱ्या डगल्यात, इंजिनिअर टाय लावून. तीन-तीन तासांच्या पाळ्या, तेही वादकांच्या युनियनच्या नियमाने. एका पाळीचे प्रत्येक वादकाला साडेसात पौंड. आधी दोनच पाळ्या ठरल्या होत्या, तिसरी नंतर जोडली. पियानोवर त्यांनी काय ठेवलं? घशाच्या ‘झूब्ज’ गोळ्यांची मोठी बरणी. तिच्या शेजारी काय ठेवलं? सिगारेटची खोकी. ही दूरदृष्टी फक्त विशीतल्या मुलांकडेच असते.

“आणि दिवसभर दूध पीत होते,” मी म्हणालो.

आतल्या खोलीतून आवाज आला, “सर्दीत दूध? हळद घातली होती का?”

आई झोपली नव्हती. मी निरुत्तर झालो. बीटल्सवर आजवर जितकी पुस्तकं निघाली तितकी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एकूण पुस्तकं नसतील. कोणत्या गाण्याचे किती टेक झाले ते इतिहासकारांनी मोजून ठेवलंय, पण हळदीची नोंद कुणी केलेली नाही.

सकाळच्या पाळीत दोन गाणी. ‘देअर्स अ प्लेस’चे दहा टेक आणि ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’चे नऊ. यातली दुसरी कथा मला फार आवडते. नऊ वेळा वाजवून झाल्यावर कळलं की सगळ्यांत उत्तम वाजलाय तो पहिलाच टेक. हे साडीच्या दुकानासारखं झालं. पन्नास साड्या उलगडून झाल्या की बायको म्हणते, “ती पहिली दाखवलेली काढा बघू.” पण नवव्या टेकच्या आधी पॉल मॅकार्टनीने जे दणक्यात एक-दोन-तीन-चार म्हटलं होतं, त्याची सर बाकी कशाला नव्हती. मग काय केलं? नवव्याची मोजणी कापली आणि पहिल्याच्या डोक्यावर चिकटवली. मंगलाष्टकं एका लग्नातली, अक्षता दुसऱ्या लग्नातल्या. तरी संसार सुखाचा झाला. अल्बम उघडतो तो याच चार आकड्यांनी.

“कापली म्हणजे? कट-पेस्ट?”

“खरीखुरी. ब्लेडने. चिकटपट्टी लावून.”

भाच्याच्या चेहऱ्यावर, मी त्याला चुलीवरच्या भाकरीबद्दल सांगतो तेव्हा येते ती करुणा आली.

दुपारी एकला जेवणाची सुट्टी झाली. मार्टिन आणि मंडळी कोपऱ्यावरच्या ‘हीरोज ऑफ आल्मा’ नावाच्या पबमध्ये निघाली, पाई आणि बिअर घ्यायला. पोरं म्हणाली, तुम्ही जा, आम्ही इथेच थांबून जरा तालीम करतो. मंडळी परत येतात तर काय, हे चौघं अजून वाजवतच आहेत आणि हातात दुधाचे पेले. टेप चालवणारा रिचर्ड लँगहॅम सांगायचा की जेवणाच्या सुट्टीत काम करणारा बँड आम्ही तोवर पाहिलाच नव्हता. युनियनने बंदी कशी घातली नाही, याचंच मला नवल वाटतं.

आता जरा यंत्राबद्दल. त्यांच्याकडे दोन ट्रॅकचं मशीन होतं. एका ट्रॅकवर सगळी वाद्यं, दुसऱ्यावर सगळे गळे. संपलं. वर आणखी काही घालायचं असेल तर एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवता उतरवता नवं घालायचं, आणि प्रत्येक उतरवणीला टेपची सरसर थोडी वाढायची. म्हणजे सुधारणा करायची तर तिची किंमत तिथल्या तिथे मोजायची.

“दोन?” भाचा म्हणाला. “मी नुसत्या टाळ्यांना सहा वापरतो.”

“त्यांनीही टाळ्या नंतरच घातल्या. पण चौघांनी एका मायक्रोफोनभोवती उभं राहून. आरतीला वाजवतात तशा.”

या दोन ट्रॅकांनी मला कॉलेजात एकदा चांगलंच फसवलं होतं. मित्राकडून याच अल्बमची कॅसेट आणली. माझ्या वॉकमनचा एक कान मेलेला होता. स्टिरिओ करताना गळे एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात गेली होती. मला फक्त गळेच ऐकू आले, आणि लांबून कुठून तरी शेजारच्या गल्लीत वाद्यं वाजल्यासारखी. मी वर्षभर मित्रांना सांगत होतो की बीटल्सची खरी थोरवी म्हणजे त्यांनी वाद्यं जवळपास वर्ज्यच केली. एक मुलगी ते लक्ष देऊन ऐकायचीही. तिने घरी जाऊन दोन्ही कानांनी ऐकलं आणि तो विषय तिथेच संपला.

दुपारची पाळी अडीचला सुरू झाली. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ झालं. जॉर्ज हॅरिसनच्या आवाजात ‘डू यू वाँट टु नो अ सीक्रेट’ झालं. मग ‘मिझरी’. हे गाणं खरं तर त्यांनी हेलन शपिरोसाठी लिहिलं होतं, पण तिच्या कंपनीच्या साहेबाने ते तिच्यापर्यंत पोहोचूच दिलं नाही. शेजारी पाठवलेले लाडू झाकणासकट परत यावेत आणि मग ते घरातच संपवावे लागावेत, तसं हे गाणं. चौदांतली आठ त्यांची स्वतःची आणि त्यांवर नाव छापलं मॅकार्टनी-लेनन. पुढे तो क्रम उलटला आणि जग लेनन-मॅकार्टनी म्हणू लागलं. पत्रिकेवर कोणाचं नाव आधी, हा प्रश्न लिव्हरपूललाही चुकला नाही.

जेवून साडेसातला तिसरी पाळी. ‘होल्ड मी टाइट’चे तेरा टेक केले आणि एकही न जमल्याने गाणंच बाजूला ठेवलं. त्या एका गाण्याने त्या दिवसाचा जेवढा वेळ खाल्ला तेवढ्यात बाकीच्यांनी अल्बम उरकला असता. आणि उरकलाच. ‘ॲना’, ‘बॉइज’, ‘चेन्स’, ‘बेबी इट्स यू’, सगळी दुसऱ्यांची गाणी, पण रोजच्या कार्यक्रमात घोटून घोटून पाठ झालेली. ‘बॉइज’ तर एका टेकमध्ये. रिंगोने ड्रम वाजवत वाजवतच म्हटलं. खंजिरीचा असा बदला घेतला. गाणं मुळात द शिरेल्स या अमेरिकन मुलींच्या बँडचं, मुलींनी मुलग्यांचं कौतुक करायचं. रिंगोने फारसा विचार न करता तसंच म्हणून टाकलं. परक्या देशांत म्हणे याचं नवल करतात. आपण बालगंधर्वांना शालू नेसून गाताना ऐकलेल्यांचे वंशज, आपल्याला कसलं नवल?

रात्रीचे दहा वाजत आले. एक गाणं उरलं होतं, ‘ट्विस्ट अँड शाउट’. मार्टिनने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. लेनन हे गाणं म्हणत नाही, अंगावर येतो, हे त्याने ऐकलं होतं. ते सकाळी म्हटलं असतं तर बाकीच्या नऊ गाण्यांना घसाच उरला नसता. बारा तास सर्दीवर गाऊन लेननच्या घशात आता एकाच गाण्यापुरता आवाज शिल्लक होता, तोही उसना. त्याने झूब्जच्या दोन गोळ्या चघळल्या, दुधाच्या गुळण्या केल्या आणि फेब्रुवारीच्या त्या थंडीत अंगातला शर्ट काढून उघड्या अंगाने मायक्रोफोनपुढे उभा राहिला.

“सर्दीत उघडा?” आतून आवाज.

“आई, तू झोप ना.”

एक टेक. अडीच मिनिटं. आरोळी म्हणा, फाटलेलं तरट म्हणा, गाणं म्हणा. संपताना मागे पॉलचा आनंदाचा ‘हे!’ ऐकू येतो. मार्टिनने आणखी एक टेक करून बघायला सांगितला, पण नरडं मिटलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस गिळताना घशात सँडपेपर फिरल्यासारखं वाटायचं, असं लेनन सांगायचा. पावणेअकराला दिवे मालवले. तिन्ही पाळ्यांची बेरीज ५८५ मिनिटं. खर्च साधारण ४०० पौंड.

पुढचं झटपट सांगतो. नऊ दिवसांनी पोरं परगावी असताना मार्टिनने दोन गाण्यांत स्वतःच पियानो आणि चेलेस्टा वाजवून घातला. हात धुतलेले असले की सुगरणीला वरून कोथिंबीर भुरभुरल्याशिवाय राहवत नाही. अल्बमला ‘ऑफ द बीटल ट्रॅक’ असं नाव द्यायची आणि मुखपृष्ठासाठी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात, तेही किडे ठेवतात त्या घरात, पोरांचा फोटो काढायची त्याची कल्पना होती. बीटल म्हणजे भुंगेरा, म्हणून. प्राणिसंग्रहालयाने नकार दिला. किड्यांची बाजू मला समजू शकते. शेवटी अँगस मॅकबीन या नाटकवाल्यांच्या फोटोग्राफरने ईएमआयच्या कचेरीच्या जिन्याखाली फरशीवर उताणं पडून, वर कठड्यावरून वाकलेल्या चौघांचा फोटो काढला. सगळ्या जगाने पाहिलेलं ते मुखपृष्ठ म्हणजे कचेरीचा जिना. भाड्याचाही नाही, घरचाच.

२२ मार्च १९६३ ला अल्बम बाजारात आला. मे महिन्यात इंग्लंडच्या यादीत पहिल्या नंबरावर चढला आणि तीस आठवडे उतरला नाही. उतरवला तो त्यांच्याच दुसऱ्या अल्बमने.

मी पाणी प्यायलो. मामाची गोष्ट संपली, की भाच्याने काही क्षण गप्प बसून आयुष्याचा विचार करायचा असतो. भाचा मात्र इतका वेळ मोबाइलमध्ये बघत होता.

“मामा, हॅम्बुर्ग सांगितलं नाहीस.”

“काय हॅम्बुर्ग?”

“१९६० पासून हे जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवत होते. एकेका रात्री कित्येक तास. बांबी किनो नावाच्या थिएटरच्या पडद्यामागे झोपायचे, संडासाशेजारी. वय कमी म्हणून जॉर्जला तर पोलिसांनी परत पाठवलं होतं. ती तयारी धर. मग सांग, एक दिवस लागला की तीन वर्षं?”

आपल्याच भाताच्या ढिगात आपलाच खडा लागावा तसं झालं. मी म्हणालो, “म्हणजे तुमचीही तीन वर्षं झाली. आता एक दिवस करा.”

“करू. आणि मामा, तुझा कवितासंग्रह?”

हा वार कमरेखालचा होता. माझा पहिला कवितासंग्रह १९९४ पासून ‘ऑलमोस्ट रेडी’ आहे. फक्त एकदा शेवटचा हात फिरवायचाय. प्रस्तावना लिहून देतो म्हणालेले दोन ज्येष्ठ कवी मध्यंतरी वारले. तिसऱ्यांना विचारायचं धाडस मी मुद्दामच करत नाही, एवढी भूतदया माझ्यात आहे.

विषय बदलायचा म्हणून मी त्याला म्हटलं, “लाव, ते शेवटचं गाणं लाव.” त्याने मोबाइल टीव्हीला जोडला. पहिलीच आरोळी ऐकून आई उठून बाहेर आली. तिच्या हातात डबा होता. मसाल्याचा नव्हे, औषधाचा, ज्यात ज्येष्ठमध, खडीसाखर आणि एक्स्पायरी उलटून गेलेल्या माझ्या तीन गोळ्या असतात.

“कोण रे हा? घसा पार बसलाय त्याचा.”

“आई, साठ वर्षं उलटून गेली त्याला.”

“मग साठ वर्षं बसलेलाच राहिला की!”

भाचा हसला नाही. त्याने आवाज थोडा वाढवला आणि विचारलं, “आजी, ऐकायला वाईट वाटतंय का पण?”

आईने गाणं संपेपर्यंत उभं राहून ऐकलं. मग म्हणाली, “वाईट कशाला वाटेल? उद्या घसा राहील की नाही याची फिकीर न करता ओरडतोय. फक्त तेवढं दूध नको होतं घ्यायला.” आणि ज्येष्ठमधाची एक कांडी भाच्याच्या हातावर ठेवून आत गेली.

त्या रात्री बँडच्या ग्रुपवर म्हणे भाच्याचा निरोप पडला, “रविवारी सकाळी दहा. सगळी गाणी. एका दिवसात.” ड्रमरचं लगेच उत्तर, “या रविवारी नको, मला सर्दी झालीय.” त्यावर भाच्याने लिहिलं, “तसाच ये. आजीने औषध दिलंय.” त्या धक्क्याने ड्रमरने टी-शर्टाचे पैसेही पाठवले, असं ऐकतो.

हे कळल्यावर मलाही चेव आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्टुलावर चढून माळ्यावरची कवितांची फाइल खाली काढली आणि तिच्यावरची धूळ झटकली. तीस वर्षांची धूळ ती. ओळीने नऊ शिंका आल्या, डोळे गळू लागले आणि दुपारपर्यंत घसा साफ बसला.

म्हटलं, राहू दे. बरं वाटलं की बघू.